जुन्या कूलरला हनीकोंब पॅड: अकोल्यातला अख्खा उन्हाळा वापरल्यावर

मार्चमध्ये घरच्या लोखंडी कूलरच्या वुडवूलच्या (लाकडाच्या बारीक तंतूंच्या) ताट्या काढून तिन्ही बाजूंना १०० मिलिमीटर जाडीचे हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचे कागदी पॅड बसवले. त्यासाठी वेल्डरकडून कूलरची दारं थोडी खोल करून घ्यावी लागली. पंखा, मोटर, टाकी सगळं जुनंच. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) उलटून पाऊस लागेपर्यंत कूलर रोज चालला, म्हणून आता खात्रीने लिहितो.

मेच्या दुपारी सावलीत ४४ अंश असताना कूलरच्या तोंडाशी २८ मिळाले. वुडवूलवर अशाच दुपारी पारा ३१-३२ वर अडायचा. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून पंख्यासमोर धरलं तेव्हा २३ दाखवत होता. असा साधा कूलर त्याखाली जाऊ शकत नाही. म्हणजे शक्य असलेल्या २१ अंशांपैकी १६ पदरात पडले, तेही पंखा न बदलता. या पैशात याहून चांगलं काही मिळेल असं मला वाटत नाही.

ओल्या पृष्ठभागाला हवेचा एक पातळ थर चिकटून असतो. तो ओलाव्याने भरला की बाष्पीभवन मंदावतं आणि गारवाही. हनीकोंबमध्ये कागदाच्या नालीदार पट्ट्या एकीआड एक उलट्या तिरक्या चिकटवलेल्या असतात, त्यामुळे आत शिरलेली हवा सतत वळते, मिसळते आणि तो थर मोडत राहतो. वुडवूल मात्र महिनाभरात खाली बसतं, वर फट पडते, आणि गरम हवा त्या सोप्या वाटेने तशीच आत येते.

तरी नुसते पॅड आणून भागत नाही. सगळा खेळ पाणी कसं उतरतं यावर आहे. आमच्याकडे बोअरचं पाणी जड. पॅडवर पाणी सोडणाऱ्या वरच्या पन्हळीची भोकं क्षाराने बुजतात आणि त्याखाली पॅडवर उभा कोरडा पट्टा पडतो. एवढ्याशा पट्ट्यानेही तोंडाशी गारवा कमी झालेला हाताला कळतो. म्हणून भोकं तारेने साफ ठेवा, पन्हळ पाणसळ लावून समतल बसवा आणि टाकीतलं पाणी दर थोड्या दिवसांनी पूर्ण बदला. धार वाढवून मात्र काही साधत नाही. उष्णता ओढून घेतं ते वाफ होणारं पाणी, लिटरमागे साधारण २,४०० किलोज्यूल. उरलेलं पॅड ओला ठेवतं आणि क्षार धुऊन नेतं. धार फार सोडली तर नाल्या भरतात, हवा अडते आणि थेंब खोलीत उडतात.

दुसरी गोष्ट हवेच्या निकासाची. कूलर खिडकीबाहेर आणि समोरच्या कोपऱ्यातली खिडकी उघडी, हीच मांडणी. गारवा बाहेर जाईल म्हणून लोक सगळं बंद करतात. मग तीच दमट हवा साचते आणि तासाभरात अंग चिकचिकतं. आम्ही खिडकी वीतभर उघडी ठेवली आणि पलंग त्या दोन तोंडांच्या मधल्या वाटेत सरकवला. झोप लागायला लागली.

उणिवा आहेत. सुरुवातीचे काही दिवस ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, आणि वाळ्याच्या ताट्यांचा सुगंध याला नाही. ब्रशने जोरात घासलं की कडा झडतात. पावसाळ्यात हवाच ओलाव्याने भरलेली, तेव्हा उपयोग जवळजवळ शून्य. त्याच कारणाने कोकणातल्या नातेवाइकांना मी हे घेऊ नका असंच सांगितलं. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्यांनी मात्र कूलर नवा घेण्याआधी जुन्याचे पॅड आणि पन्हळ बदलून पाहावी.