ऑइल फिल्टर: कंपनीचा घ्यायचा की बाहेरचा ब्रँडेड?
आधी एक क्लिअर करू, गाडीची कंपनी बहुतेक वेळा फिल्टर स्वतः बनवतच नाही, वेंडरकडून बनवून घेते आणि डब्यावर आपलं नाव छापते. बाहेर बॉश, माले, फरीदाबादची इलोफिक, जर्मनीची मान-हुमेल हे आहेतच.

मी वापरलेले दोन फिल्टर करवतीने कापून बघितले, एक कंपनीचा आणि एक बाहेरचा ब्रँडेड. कागदाच्या घड्या दोन्हीत सारख्या, दाट. फरक दिसला तो आतल्या रबरी पडद्यात, म्हणजे गाडी बंद असताना ऑइल परत खाली जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. कंपनीवाल्यात काळं नायट्राइल रबर, ते उष्णतेने कडक झालेलं, बाहेरच्यात केशरी सिलिकॉन अजून मऊ होतं (अर्थात सगळ्या ब्रँडेडमध्ये सिलिकॉन असतंच असं नाही हां). हा पडदा गेला की सकाळी स्टार्टला दोन सेकंद खडखड ऐकू येते.

वॉरंटीत असेल तर कंपनीचाच टाका, उगाच वाद नको. नंतर मी तरी बाहेरचा घेतो, पण पार्ट नंबर जुळवून आणि ओळखीच्या दुकानातूनच, कारण डुप्लिकेट माल दोन्हींच्या डब्यात येतो.