ओक की बर्च? लाकडाच्या स्टोव्हसाठी सरपण निवडताना

दोन्ही लाकडं चांगली वाळलेली असतील, तर किलोमागे मिळणारी उष्णता जवळजवळ सारखीच असते. फरक पडतो तो घनतेमुळे. ओक जड असल्याने स्टोव्हच्या तेवढ्याच पोटात जास्त सरपण मावतं, आणि ज्वाळा बसल्यावरही निखारे बराच वेळ धग धरून राहतात. कडाक्याच्या थंडीत याची किंमत कळते.

पण ओक सबुरी मागतं. फोडून, वारा लागेल असं रचून ठेवलं तरी सहसा दोन वर्षं वाळवावं लागतं. घाईने जाळलंत तर ढलपीच्या टोकातून पाणी फसफसताना दिसेल, स्टोव्हच्या दाराची काच काळवंडेल आणि धुराड्यात डांबरासारखा थर साचेल. तो थर पेटला तर घरच धोक्यात येतं, म्हणून इथे तडजोड नको. ढलपी नव्याने फोडून आतल्या बाजूला ओलावा मोजणाऱ्या मीटरच्या सुया टोचा. ओलावा 20 टक्क्यांच्या आत हवा.

बर्च साधारण वर्षभरात तयार होतं. कागदासारखी सुटणारी त्याची साल किंचित दमट असली तरी झटकन पेट घेते, ज्वाळाही उजळ. मात्र ते लवकर जळून जातं. आणि ओंडके अख्खे ठेवू नका: तीच साल पाणी आत कोंडते, लाकूड आतून कुजतं.

माझ्या मते पेटवायला बर्च, मग वर ओक. दोन वर्षं साठवायला जागा नसेल, तर मात्र मी बर्चच घेईन.