पाइनच्या लागवडीत जाळरेषा काढायला मॅक्लाउड हे हत्यार कसं आहे?

जाळरेषा म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून जळण काढून उघडी केलेली मातीची पट्टी. पाइनखाली साचलेलं जळण सगळं सारखं नसतं. वर नुकत्याच गळलेल्या सुट्या सुया, त्याखाली दबून एकमेकींत गुंतलेला थर आणि तळाशी काळपट, भुसभुशीत कूज. वरच्या सुया उन्हावाऱ्यात काही तासांत वाळतात आणि आग पळवतात. तळाची कूज ज्वाळा न दाखवता धुमसत राहते. हे दोन्ही एकाच हत्याराने काढायचं असेल तर मॅक्लाउडला तोड नाही.

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नॅशनल फॉरेस्टचे रेंजर माल्कम मॅक्लाउड यांनी ते १९०५ मध्ये तयार केलं. एका बाजूला जाड दात, दुसऱ्या बाजूला रुंद धारदार पातं आणि साधारण सव्वा मीटरचा दांडा. बागेतल्या दाताळ्याचे दात दबलेल्या थरात वाकतात. याचे वाकत नाहीत.

आधी दातांनी पूर्ण रुंदीतल्या सुया ओढून घ्या, मग हत्यार उलटून पात्याने कूज खरवडा. बहुतेक रेषा फसतात त्या इथेच, कारण सुया निघाल्या की जमीन स्वच्छ दिसते आणि काम थांबतं. खालचं चिमूटभर बोटांत चोळून पाहा. तंतू लागले, बुरशीचे पांढरे धागे दिसले, तर ती अजून कूजच आहे. कण खरखरीत लागले म्हणजे माती आली. कूज राहिली तर धग रेषेखालून पलीकडे जाते. रेषेत आडवी आलेली मुळंही तोडावी लागतात. हे काम पात्याचं नाही, त्याला कुऱ्हाडच हवी.

नुसत्या सुया असतील तर अर्धा ते एक मीटर उघडी माती पुरते. झुडपं असतील तर त्यांच्या उंचीच्या दीडपट रुंदी धरा. ओढलेल्या सुयांचा बांध रेषेच्या काठावर ठेवू नका, लांब आणि पातळ पसरा. रेषा आगीच्या खालच्या उतारावर असेल तर तिथे चर खणून खालच्या काठाला मातीचा बांध घाला, नाहीतर जळते शंकू घरंगळत पार होतात. बांध चोपायला पात्याची सपाट बाजू छान चालते.

घेताना डोकं आणि दांड्याचा जोड हलवून पाहा. नट सैल होणं ही याची नेहमीची तक्रार, तेव्हा पाना जवळ असू द्या. पातं दगडावर लवकर बोथटतं. कानस मारताना उतार फक्त बाहेरच्या बाजूने ठेवा. दांड्याला जवसाचं तेल लावलंत तर चिंध्या गोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. खाली ठेवताना दात जमिनीकडे, आणि दोन माणसांत किमान तीन मीटर अंतर.

दगडाळ जमिनीत आणि दाट झुडपांत मात्र हे हत्यार निरुपयोगी आहे. विरळणीनंतर पडलेल्या फांद्या, झुडपांवर लोंबणाऱ्या सुया, खोडावरच्या सुक्या खालच्या फांद्या यांनाही त्याचा उपयोग नाही, आणि आग शेंड्यापर्यंत चढते ती यांच्यावरूनच. तिथे छाटणीची करवत आणि फांद्या बाहेर काढणं हाच उपाय. ब्लोअर, म्हणजे जोराचा वारा सोडणारं यंत्र, वरच्या कोरड्या सुया झपाट्याने उडवतो, पण दबलेला थर आणि कूज जागीच राहते. त्यामुळे तो मॅक्लाउडच्या आधी चालवायला उत्तम, त्याऐवजी नव्हे. एकदा माती उघडी झाली की पुढे नव्याने गळालेल्या सुया हटवायला मात्र ब्लोअर पुरतो. वाऱ्याच्या कोरड्या दिवसांत रेषेवर फेरी मारताना तोच बरोबर न्या.