बिल्डरूट: काकांच्या जुन्या पीसीसाठी स्वतः बांधलेली लिनक्स इमेज, दोन महिने वापरून

इंदूरला राजवाड्याजवळ काकांचं नमकीनचं दुकान आहे, तिथे भाव दाखवायला एक जुना कोअर टू ड्युओ पीसी, 1 जीबी रॅम, सुरू व्हायलाच 4 मिनिटं घ्यायचा आणि गिऱ्हाईक समोर उभं. एका रिपेअरवाल्याने सरळ सांगितलं, नवीन घ्या. मला ते पटेना म्हणून बिल्डरूट उतरवलं, म्हणजे हवं तेवढंच घालून छोटी लिनक्स सिस्टीम बांधायचं साधन. कर्नल (सिस्टीमचा गाभा), बिझीबॉक्स (नेहमीच्या छोट्या कमांडचा संच), बूटलोडर (पीसी चालू होताच कर्नल उचलणारा प्रोग्राम) सगळं सोर्सपासून कंपाइल करून पेनड्राइव्हवर टाकायची इमेज, म्हणजे अख्ख्या सिस्टीमची एकच फाइल, बनवून देतं, आणि फुकट आहे.

बरेच जण अशा छोट्या इमेजला मायक्रोकर्नल म्हणतात, ते चूक आहे हां. लिनक्स मोनोलिथिकच, ड्रायव्हर, फाइल सिस्टीम, नेटवर्क सगळं कर्नलच्या आतच चालतं, मिनिक्स 3 या मायक्रोकर्नलवाल्या सिस्टीमसारखं कर्नलबाहेर वेगवेगळं नाही. आपण फक्त नको ते काढून टाकतो.

पीसीचं बायोसवालं डेफकॉन्फिग (तयार सेटिंगची फाइल) घ्यायचं, मेन्यूकॉन्फिग या मेन्यूत हवं ते निवडायचं आणि बांधायला मेक ही कमांड द्यायची. माझ्या लॅपटॉपवर पहिल्यांदा अडीच तास लागले कारण टूलचेनसुद्धा (कंपायलर वगैरे) तेच बांधतं. पहिल्या बूटला कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नलच अडकून बंद, रूट (मुख्य फाइल सिस्टीम) माउंट होत नाही म्हणे! दोन रात्री ड्रायव्हर तपासत बसलो आणि निघालं काय, तर ग्रबची, म्हणजे बूटलोडरची, सेटिंग फाइल मी स्वतः लिहिली होती आणि त्यात रूटवेट टाकायचं राहिलं होतं. पेनड्राइव्ह ओळखायला कर्नलला क्षणभर लागतो, रूटवेट नसेल तर तो थांबतच नाही. तो एक शब्द टाकला आणि लॉगिन आलं, खरंच अंगावर काटा आला.

कन्सोलवर मराठी नीट उमटत नाही, म्हणून भावाचा तक्ता फोटो करून एफबीव्ही या फोटो दाखवणाऱ्या छोट्या प्रोग्रामने फ्रेमबफरवर, म्हणजे थेट स्क्रीनवर, दाखवतो, लवंग शेव, रतलामी शेव, सगळं मोठ्या अक्षरात. आता स्विच दाबला की 15 सेकंदांत भाव समोर. काका म्हणाले, "अरे, हा तोच डबा का रे?"

खटकलेलं एकच. पॅकेज मेन्यूतून काढलं तरी आधी टाकलेल्या फाइली टार्गेटमध्ये (इमेज जिथून बनते त्या फोल्डरमध्ये) तशाच राहतात, मेक क्लीन करून, म्हणजे बांधलेलं पुसून, पुन्हा सगळं बांधावं लागतं. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय पण वाचतो कोण आधी. मेक क्लीन करा, पण डिस्टक्लीन जपून, ते डीएल फोल्डरमधले उतरवलेले सोर्सही पुसतं, घरचं नेट हळू असेल तर अख्खा दिवस गेला. मी डीएल फोल्डर बाहेर वेगळं ठेवलंय, तुम्हीही पहिल्याच दिवशी तसं करा.

रोजच्या डेस्कटॉपसाठी घेऊ नका, नंतर नवे प्रोग्राम टाकायला आत पॅकेज मॅनेजरच नाही. एका कामाच्या मशीनसाठी मात्र 5 पैकी 4.5 स्टार, पुढच्या आठवड्यात काकांच्या दुसऱ्या काउंटरचा पीसी घेतोय.