अमूल हाय प्रोटीन ताक: लाँग रननंतर प्यावं का?

आमच्या रनिंग ग्रुपमध्ये सध्या सगळ्यांच्या हातात हेच. २०० मिलीचा टेट्रा पॅक, त्यात १५ ग्रॅम प्रोटीन. घरच्या ग्लासभर पातळ ताकात जेमतेम दोन-तीन ग्रॅम असतं, म्हणजे फरक बघा. पनीर-चीज करताना जे पाणी उरतं ना, त्यातलं व्हे प्रोटीन यात घालतात.

चवीला ठीक आहे, ताकच लागतं, फक्त शेवटच्या घोटाला जिभेवर किंचित पावडरीसारखं काहीतरी राहतं. एकदम गार असेल तर तेही जाणवत नाही, कोमट झालेलं मात्र प्यायच्या फंदात पडू नका.

आता मुद्द्याचं. सातारा हिल मॅरेथॉनच्या तयारीला यवतेश्वर घाट केलेल्यांना माहितीये, चढ दमवतो पण वाट लावतो तो उतार, कारण उतरताना मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक मारत असतात आणि मग एक-दोन दिवसांनी जिना उतरताना आई आठवते. त्या डागडुजीला प्रोटीन लागतं, साधारण किलोमागे ०.३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८. एका पॅकमध्ये बरंचसं भागतं, त्यामुळे इथे पैकीच्या पैकी.

पण रन संपल्यावर जो गळाठा येतो तो प्रोटीनचा नसतो हो! ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंमधला कार्ब्सचा साठा, संपलेलं असतं, घामावाटे पाणी आणि मीठ गेलेलं असतं. लगेच पुन्हा पळायचं असेल तर पहिल्या काही तासांत दर तासाला किलोमागे ग्रॅमभर कार्ब्स लागतात, ते या ताकात फारसे नाहीतच. म्हणून सोबत दोन केळी नाहीतर राजगिऱ्याचे लाडू खा, घरी जाऊन पोहे हाणा. पाण्याचंही तेच, रनच्या आधी-नंतर वजन करा, किलोभर उतरलं असेल तर सव्वा ते दीड लिटर लागतं, तेही थोडं थोडं करून, तिथे २०० मिली म्हणजे दर्या में खसखस. जास्तच घाम गेला असेल तर मेडिकलमधलं साधं ओआरएस बरं.

पाच किमीच्या जॉगिंगनंतर कशाला पिताय पण? तेवढ्याला जेवणातली उसळ-दही पुरे. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

आणि घेताना पॅकवर 'हाय प्रोटीन' लिहिलंय ना बघा, अमूलचं साधं मसाला ताकही टेट्रा पॅकमध्येच येतं आणि दुकानदार घाईत तेच हातात ठेवतो.