पीएचक्यू-ए: किशोरांच्या नैराश्याची प्रश्नावली

११ ते १७ वर्षांच्या मुलांसाठीची ही मोफत प्रश्नावली काही मिनिटांत भरून होते. मागच्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण. बेरीज १० किंवा जास्त आली तर सविस्तर तपासणी हवीच. उदासीबरोबर चिडचिडही विचारली आहे, हे फार चांगलं. या वयात नैराश्य पुष्कळदा रागातूनच दिसतं. आई-बाबा शेजारी असले की मुलं खरं लिहायला कचरतात, म्हणून एकट्याने भरू द्या. नववा प्रश्न आत्महत्येच्या विचारांचा. तिथे एक गुण जरी पडला तरी बेरीज न बघता त्याच दिवशी मुलाशी बोला, डॉक्टरांना गाठा. नैराश्यासारखी लक्षणं दिसू शकणारे थायरॉइडचे विकार, रक्तक्षय किंवा बायपोलर (कधी अतिउत्साह, कधी उदासी असा मनोविकार) मात्र हिला ओळखता येत नाहीत; निदान प्रत्यक्ष मुलाखतीतूनच होतं.