लॉरा के यांचं 'हार्ड ॲज इट गेट्स': बाल्टिमोरमधलं टॅटूचं दुकान आणि बदनाम होऊन परतलेले पाच फौजी

रोमँटिक सस्पेन्स वाचणाऱ्या मंडळींसाठी हा रिव्ह्यू आहे, म्हणजे ज्यांना प्रेमकथा पण हवी असते आणि कुणाच्या तरी मागावर कुणीतरी असलेलं पण हवं असतं. पुस्तक तसं जुनं आहे, २०१३ सालचं, एव्हन या हार्परकॉलिन्सच्या विभागाने काढलेलं, आणि 'हार्ड इंक' नावाच्या सिरीजमधलं हे पहिलं. किंडलवर मिळतं. टॅटू काढणारा हिरो, तो पण माजी स्पेशल फोर्सेसवाला, असं वर्णन वाचलं की कव्हरवर उघड्या अंगाचा माणूस असणार आणि आत फार काही नसणार असं बऱ्याच जणांना वाटतं. कव्हर तसंच आहे. पण आत भरपूर काही आहे आणि मला हे पुस्तक मनापासून आवडलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

गोष्ट अशी. निक रिक्सी अमेरिकन आर्मीच्या स्पेशल फोर्सेसमध्ये होता. अफगाणिस्तानात त्याच्या टीमवर हल्ला झाला, बरेच साथीदार गेले, आणि जे पाच जण वाचले त्यांच्यावरच ठपका ठेवून त्यांना घरी पाठवलं. वर कागदावर सह्या घेतल्या की झालेल्या प्रकाराबद्दल तोंड उघडायचं नाही. आता निक बाल्टिमोरमध्ये धाकट्या भावाच्या, जेरेमीच्या, 'हार्ड इंक' नावाच्या टॅटूच्या दुकानात अधूनमधून टॅटू काढतो आणि बाकी वेळ कोर्टाचे समन्स बजावत फिरतो. आपल्याकडे हे काम कोर्टाचा बेलिफ करतो, तिकडे खाजगी माणसं पैसे घेऊन करतात. आणि एक दिवस या दुकानात बेका मेरिट येते. ती हॉस्पिटलच्या इमर्जन्सीमध्ये नर्स आहे, तिचा भाऊ चार्ली गायब झालाय आणि जायच्या आधी त्याने निरोप ठेवलाय की हार्ड इंकमधल्या रिक्सीला गाठ. आता गंमत म्हणजे बेकाचे वडील हे निकचे कमांडर होते. तेच कमांडर, ज्यांनी आपल्याला फसवलं असं निकचं ठाम मत आहे. ते त्याच हल्ल्यात गेले, शहीद म्हणून मानाने त्यांचा अंत्यविधी झाला, मुलीला वडील हिरोच वाटतात, आणि निक तिला खरं सांगू शकत नाही कारण सही केलीय.

हा पेच मला जाम आवडला. या प्रकारच्या पुस्तकांत हिरो-हिरॉइनला लांब ठेवायला लेखक काहीतरी फालतू गैरसमज घालतात, एक फोन केला असता तर पुस्तक संपलं असतं टाइपचे. इथे तसं नाहीये. निक गप्प बसतो त्याला कायद्याचं कारण आहे, शिवाय तिचं दुःख ताजं आहे, आणि सांगितलं तरी ती का विश्वास ठेवेल? पहिल्या भेटीचा प्रसंग नीट वाचा. ती काउंटरपाशी उभी आहे, आडनाव सांगते, आणि तेवढ्या एका आडनावावर तो एकदम बंद होतो. मदत करत नाही, धड बोलत नाही, ती निघून जाते. मग त्याला राहवत नाही. आपण एका घाबरलेल्या बाईला तिच्या बापावरच्या रागापायी परत पाठवलं हे त्याला खात राहतं आणि तो तिला शोधत जातो. हिरो पहिल्याच भेटीत चुकतो आणि ते त्याला स्वतःला कळतं, मला तो तिथेच पटला.

आता फौजेच्या भागाबद्दल, कारण मी हे पुस्तक दोस्त मंडळींना देते ते मुख्यतः यासाठीच. आमच्याकडे सातारा-सांगली पट्ट्यात दर चार घरांआड कुणीतरी रिटायर्ड फौजी असतो. आपल्या जवानाला पेन्शनसाठी पंधरा वर्षं सर्व्हिस लागते, त्यामुळे पस्तिशी-चाळिशीत माणूस परत येतो, मग बँकेत गार्डची नोकरी किंवा शेती, पण गावात 'मेजर' म्हणून मान असतो, १५ ऑगस्टला झेंड्याजवळ पहिल्या रांगेत खुर्ची असते. तो मान काढून घेतला तर त्या माणसाचं काय उरेल, हे आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. अमेरिकेत सैन्यातून बाहेर पडताना कसा बाहेर पडलास याचा शेरा कागदावर येतो. सन्मानाने निवृत्ती हा सगळ्यात वरचा, आणि खाली खाली जात 'अदर दॅन ऑनरेबल' नावाचा शेरा आहे जो कोर्ट मार्शल न करता ऑफिसच्या पातळीवर मारता येतो. त्याच्या खालचे जे दोन शिक्षेचे शेरे आहेत त्यांना मात्र कोर्ट मार्शल लागतं. या ऑफिसवाल्या शेऱ्याने शिक्षणाची मदत जाते, माजी सैनिकांच्या बऱ्याच सोयी बंद होऊ शकतात, आणि नोकरीला गेलं की तो कागद पुढे येतो. लेखिकेने हाच शेरा वापरलाय आणि मला वाटतं विचार करून वापरलाय, कारण खटला चाललाच नाही तर साक्षीपुरावा होणारच नाही, आणि मग खरं काय ते दाबायला सोपं.

पाच जण म्हणजे निक, शेन, बेकेट, ईझी आणि मार्झ. हल्ल्यानंतर ते एकमेकांशी धड बोलतही नाहीत, प्रत्येकजण आपापल्या बिळात. बेकाच्या भावाला शोधायला निक एकट्याने पुरा पडणार नाही म्हणून त्याला हे फोन करावे लागतात, आणि ते एकेक करून दुकानाच्या वरच्या मजल्यावर जमायला लागतात तिथे पुस्तक खरं उचल घेतं. कोण कुणावर चिडलाय, कोण कुणाच्या डोळ्यात बघत नाहीये, आणि तरी कामाला लागले की न बोलता एकमेकांची जागा कशी घेतात! खऱ्या स्पेशल फोर्सेसची मूळ तुकडी बारा जणांची असते, त्यात हत्यारं, स्फोटकं आणि बांधकाम, औषधोपचार, रेडिओ, माहिती गोळा करणं अशी कामं वाटलेली असतात आणि प्रत्येकाला दुसऱ्याचंही काम थोडं येत असतं. त्यामुळे बारातले पाच उरले की नुसती माणसं कमी झाली असं नसतं, कामांमध्ये भोकं पडलेली असतात, आणि ती भोकं वाचताना जाणवतात. मार्झचा एक पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे आणि तो सगळ्यात हसरा आहे. ईझी गप्प गप्प असतो आणि त्याच्या गप्प बसण्याकडे लक्ष ठेवा, पुढच्या एका छोट्या पुस्तकात त्याच्या मनाचं आजारपण लेखिकेने खूप प्रेमाने हाताळलंय. ज्यांना नैराश्य किंवा आत्महत्येचा विषय वाचायला त्रास होतो त्यांनी त्या पुस्तकाला जरा तयारीने बसावं.

टॅटूबद्दल मात्र माझी तक्रार आहे. दुकान आहे, खुर्च्या आहेत, मशीनची घरघर आहे, जेरेमी चावट वाक्यं लिहिलेले टीशर्ट घालून फिरतो आणि तो प्रत्येक पानावर मजा आणतो. पण टॅटू काढणं हे काम म्हणून मला अजून खूप हवं होतं. विचार करा ना, आधी डिझाइनचं स्टेन्सिल कातडीवर उमटवतात, त्या जांभळट रेषा बघून माणूस शेवटचं हो म्हणतो, मग सुई कातडीत जेमतेम एक-दोन मिलिमीटर आत जाते, आऊटलाइन आधी आणि शेडिंग नंतर, दर काही सेकंदांनी वर आलेली शाई आणि रक्ताचे थेंब पेपर टॉवेलने पुसायचे, दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची, आणि हे तासन् तास. समोरच्याला दुखतंय हे माहीत असून हात थरथरू द्यायचा नाही. गोळीबार बघून आलेला माणूस हे काम निवडतो यात किती काय आहे! ज्या दोन माणसांचा एकमेकांवर विश्वास बसायचाय त्यांना त्या खुर्चीत बसवून लांबलचक प्रसंग लिहिता आला असता, धावपळीत त्याला पुरेशी जागा मिळाली नाही.

आणि फौजी आणि टॅटू हे नातं तसं खूप जुनं आणि खरं आहे, त्यामुळे ही जोडी नुसती फॅशन म्हणून आणलेली वाटत नाही. अमेरिकेत इराक-अफगाणिस्तानच्या काळात बरेच सैनिक गळ्यातल्या बिल्ल्यावरची माहिती, नाव, रक्तगट, धर्म, सगळं बरगडीवर गोंदवून घ्यायचे, म्हणजे बिल्ला हरवला तरी ओळख पटावी. गेलेल्या मित्रांची नावं तर किती जणांच्या दंडावर असतात. वरिष्ठांना हे नेहमी आवडलं असं नाही. तिकडच्या मरीन कोअर या सैन्यदलाने २००७ मध्ये पूर्ण हातभर टॅटूवर बंदी आणली होती ती २०२१ मध्ये उठवली, आर्मीने २०१४ मध्ये नियम कडक केले आणि पुढच्याच वर्षी पुन्हा सैल केले. आपल्या आर्मीच्या भरतीला जाणाऱ्या पोरांना पण हा नियम पाठ असतो, कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू एवढंच चालतं, आदिवासी समाजाला परंपरेप्रमाणे सूट आहे.

सस्पेन्सचा भाग वेगवान आहे. बाल्टिमोर हे बंदराचं शहर आणि हेरॉइनच्या व्यसनासाठी कुप्रसिद्ध, आणि तिथली एक टोळी या सगळ्याच्या मागे आहे आणि धागे अफगाणिस्तानच्या अफूपर्यंत जातात. पुस्तक आलं त्याच २०१३ मध्ये अफगाणिस्तानात अफूची लागवड २,०९,००० हेक्टर होती, तोपर्यंतची सगळ्यात जास्त, हा युनोचा आकडा आहे, त्यामुळे वेळ अगदी बरोबर साधलीय. फक्त एक गोष्ट खटकते, त्या काळात अमेरिकेत येणारं बहुतेक हेरॉइन मेक्सिको आणि कोलंबियाकडून यायचं, अफगाणिस्तानचा माल जास्त करून युरोप, रशिया, इराणकडे जायचा. कथेपुरतं मान्य करून पुढे जाता येतं पण या विषयाचं वाचन असेल तर लक्षात येईलच. व्हिलन मंडळी मात्र पातळ आहेत. टोळीवाले वाईट आहेत कारण ते वाईट आहेत, इतकंच. त्यांच्यातला एखादा तरी आपल्यासारखा माणूस वाटला असता तर भीती दुप्पट झाली असती.

आता रोमान्स. निक आणि बेका आलटून पालटून दोघांच्या नजरेतून गोष्ट येते त्यामुळे दोघंही जवळचे होतात. बेका मला खूप आवडली, ती रडते, घाबरते, पण इमर्जन्सीत काम केलेल्या बाईचा एक कोरडेपणा तिच्यात आहे, रक्त बघून तिचं डोकं शांत होतं. निक तिला प्रत्येक ठिकाणी 'तू इथेच थांब' म्हणतो तेव्हा ती सरळ विचारते की भाऊ कुणाचा आहे. पण सगळं प्रकरण काही दिवसांत घडतं आणि तेवढ्यात आयुष्यभराचं प्रेम, हे मला जड गेलं. ओढ पटते, काळजी पटते, पण कायमचं नातं पटायला मला थोडा शांत वेळ हवा होता, एखादा दिवस ज्यात कुणी बंदूक काढत नाही. दंड, छाती, डोळ्यांचा रंग यांची वर्णनं पण इतक्यांदा येतात की मी पानं भराभर उलटत होते. आणि हो, बेडरूमचे प्रसंग बरेच आणि उघड आहेत, आडपडदा नाही, तेव्हा घरात शाळकरी मुलं तुमचं किंडल वापरत असतील तर बघून घ्या. एकमेकांना विचारून, थांबून, संमतीने सगळं होतं हे मात्र चांगलं.

इंग्रजी सोपं आहे. छोटी वाक्यं, भरपूर संवाद, फौजेतले शब्द आले तरी संदर्भाने कळतात. इंग्रजी कादंबऱ्या वाचायला सुरुवात करायची असेल तर डिक्शनरी शेजारी न ठेवता जमेल.

घेण्याआधी एवढं माहीत असू द्या की चार्लीचा प्रश्न या पुस्तकात मार्गी लागतो पण टीमला कुणी आणि का अडकवलं हे कोडं पुढच्या पुस्तकांत उलगडत जातं, त्यामुळे मधूनच कुठलं तरी उचलू नका. क्रम असा: हे पहिलं, मग 'हार्ड ॲज यू कॅन' (शेन), 'हार्ड टू होल्ड ऑन टू' (ईझी, छोटं आहे), 'हार्ड टू कम बाय' (मार्झ), 'हार्ड टू बी गुड' (हे पण छोटं, जेरेमी आणि चार्लीची प्रेमकथा, आणि मला सिरीजमधली सगळ्यात हळुवार वाटलेली), आणि 'हार्ड टू लेट गो' (बेकेट). ज्यांना खरोखर टॅटू काढणाऱ्यांचीच गोष्ट हवी आहे त्यांनी नंतर 'हार्ड ॲज स्टील' वाचा, त्यात दुकानातली जेस आणि तिथेच टॅटू काढणारा आइक आहेत, आइक मात्र फौजी नाही, बाइकर टोळीतला आहे. पैसे जपून खर्च करायचे असतील तर पहिली दोन घ्या, दुसऱ्याच्या शेवटापर्यंत हे पाच जण आवडले तर बाकीची तुम्ही स्वतःच घ्याल. माझ्याकडून पहिल्याला पाचपैकी चार.